मी मागेच बरी

...नाही, पण पिशवी पुढे आणि आई मागे, हे तुम्हाला तरी पटतं का? भाजीची पिशवी माझ्या शेजारच्या सीटवर ऐसपैस पसरलेली, आणि आई मागच्या डाव्या कोपऱ्यात, दाराला चिकटून, गुडघे आवळून, जणू अजून तिघं यायचेत. अहो, कोण येणार आहे? बाबा गेल्यापासून त्यांची गाडी मी चालवते, गाडीत आम्ही दोघीच असतो, तरी रोज तेच. मी पुढचं दार उघडून उभी, ती मागचं दार उघडून आत. मी म्हणते, आई, पुढे बस. ती म्हणते, "मी मागेच बरी." मी आवाज चढवला की म्हणते ओरडू नकोस, लोक बघतायत. बघू देत ना. लोकांना वाटतं, कोणीतरी मोठ्या मॅडम चालल्यात आणि त्यांनी ड्रायव्हर म्हणून मुलगी ठेवलीय.

कॉलेजात इतिहास होता मला. माणसानं चाक शोधलं, वाफ शोधली, रुळांवर इंजिन धावलं, कोणी दोन भाऊ पंख लावून उडाले, सगळं पाठ करून लिहिलं मी. पण त्या गाड्यांमध्ये कोण कुठे बसलं, हे कोणी लिहिलंय? सांगा ना, कुठल्या पुस्तकात आहे? आमच्या घरापुरता माझा अभ्यास पूर्ण आहे, ऐका. रेल्वेत खिडकी आत्याला, कारण तिला वारा लागतो. खालचा बर्थ आजीला, गुडघ्यांमुळे. आणि आई सगळ्यात वर, पंख्याच्या जाळीला नाक लावून, सगळ्यांच्या चपला उशाला घेऊन, चोरीला जाऊ नयेत म्हणून. विमानात आम्ही जन्मात एकदाच बसलो. तीन सीट. बाबांना पाय पसरायला कडेची, मला खिडकी, आणि आई मधे, दोन्ही हात मांडीवर, कारण दोन्हीकडच्या हात ठेवायच्या जागा आम्ही बळकावलेल्या. ती हवाईसुंदरी वाकून विचारते, काही हवंय का? तर आई म्हणते नको, मी आहे तिथेच बरी. अगं, ती सरबताचं विचारतेय!

मग बाबांनी ही गाडी घेतली. पुढची सीट आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, ते ठरलेलंच. आजी गेली. मला वाटलं, चला, आता आई. छे. आत्या पुढे, कारण मागे बसलं की तिला मळमळतं. मग मी, कारण आत्याचं बघून मलाही मळमळायला लागलं. आणि कोणीच नसेल तेव्हा बाबांचा डबा. डब्यातलं सांडतं म्हणून डबा पुढे. आई सांडत नाही ना, म्हणून मागे.

बाबा दवाखान्यात एक्स-रे काढायचे. माणसांना हवं तसं वळवून, हनुवटी धरून, 'श्वास रोखा, हलू नका' म्हणण्यात जन्म गेला, त्यामुळे गाडीतही तीच शिस्त. आत्या जरा कुशीवर वळली की आलाच आवाज, "हलू नका." खिडकी कोणी उघडली? दार कोणी आपटलं? आवाज असा, की मागून येणाऱ्या गाडीनंसुद्धा श्वास रोखावा. आणि आरशाला, तो मधला आरसा असतो ना मागचं बघायचा, त्याला कोणी बोट लावायचं नाही. मला गाडी शिकायला शिकवणीवाल्याकडे पाठवलं, पण स्वतःच्या गाडीत स्वतःच्या जागेवर नाही बसू दिलं. मी नसल्यावर चालव म्हणायचे. चालवतेय.

बरं, ही बाई घाबरट आहे का? मुळीच नाही. शाळेत गणित शिकवते. पहिल्या बाकावर कोण बसणार हे ती ठरवते. दंगेखोर पोरगा तिनं नुसतं बघितलं की आपणहून उठून पुढे येऊन बसतो. मुख्याध्यापक तिच्यासमोर हिशेब मांडताना दोनदा बेरीज करतात. आणि गाडीपाशी आली की... "मी मागेच बरी."

बाबांना दवाखान्यातून घरी आणलं, शेवटचं, त्या गाडीचा ड्रायव्हर चांगला माणूस होता. त्यानं पुढचं दार उघडून धरलं. म्हणाला, ताई, तुम्ही पुढे बसा, मागे त्रास होईल. आई म्हणाली, "मी मागेच बरी." त्या दिवशी मी वाद नाही घातला. पुढे मी बसले, आणि मागे ते दोघं. तुम्हाला सांगते, एवढ्या वर्षांत ते दोघं गाडीत शेजारी शेजारी पहिल्यांदाच बसले... म्हणजे, ती बसली.

मग पंधरवड्यानं मी पहिल्यांदा बाबांच्या जागेवर बसले. उंची मला त्यांचीच आलीय, त्यामुळे सीट मागेपुढे करावी लागली नाही. सगळं मापात. फक्त आरसा बघितला तर मागचा रस्ताच दिसेना. मागची काच नाही, गाड्या नाहीत, काही नाही. दिसत होता नुसता मागचा डावा कोपरा, आणि त्यात आई, चष्मा पुसत बसलेली. मला वाटलं, गॅरेजवाल्यानं धक्का दिला असणार. वळवला सरळ, शिकवणीत सांगितला होता तसा. मागून आवाज आला.

"आरसा हलवलास?"

"हो. मागचं काही दिसतच नव्हतं."

"त्यांना दिसायचं तेवढं."

पुढच्या सिग्नलला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाल होता म्हणून बरं.

आत्ता तुमच्यातल्या दोघीतिघी 'अगंबाई, किती गोड' म्हणाल्या ना? ऐकलं मी. गोड काय त्यात? बघायचंच होतं तर शेजारी बसवायचं! मान वळवली की बायको. एवढं सोपं. पण नाही, आईसमोर कसं, बहिणीसमोर कसं, म्हणून आरशातून! बायको काय ट्रक आहे, मागून येतोय का बघायला? आणि खरा ट्रक आला असता म्हणजे? या पिढीला ना, आपल्या माणसाकडे सरळ बघायची लाज, बाकी सगळ्यांवर ओरडायची नाही. मी हे सगळं आईला तिथंच सिग्नलला सुनावलं. आणि विचारलं, तू का नाही गं कधी म्हणालीस, की मला पुढे बसायचंय?

तिनं पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "आरशात माणसाचे नुसते डोळे दिसतात गं. तोंड नाही दिसत. तुझ्या बाबांचे डोळे चांगले होते."

मी वादविवाद स्पर्धेत कॉलेजसाठी ढाल आणलेली मुलगी आहे. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा कळलं, सिग्नल हिरवा झालाय.

पण तुम्ही मला सांगा, माझं काय? आता आरशात कोणी नाही ना तिच्यासाठी. मग कोणासाठी बसते ती तिथे? बाबा माझेही गेलेत. त्या जागेवर बसलं की स्टिअरिंगला त्यांच्या दवाखान्याच्या साबणाचा वास येतो. अशा वेळी शेजारी कोणीतरी लागतं हो. नुसतं बसायला. बोललं नाही तरी चालेल. मला माझी आई शेजारी हवीय, आणि मला मिळते कोबी!

म्हणून परवा मी डाव टाकला. बाबांच्या आजारपणातलं सामान दवाखान्याला देऊन टाकायचं होतं. चालायचा वॉकर, चाकांची खुर्ची, पाण्याची गादी, सगळं मी मागच्या सीटवर रचलं, छतापर्यंत. मुद्दाम. डिकी रिकामी ठेवून. आई खाली आली. मागचं दार उघडलं, बघितलं, लावलं. माझ्याकडे बघितलं, वर्गात बघते तसं. मी आकाशाकडे बघत उभी. आणि मग, तुम्हाला सांगते, ती पुढे येऊन बसली.

पट्टा लावता येईना तिला. मी लावून दिला. हात मांडीवर, पर्स हातात, आणि गाडी जरा पळाली की पाय आपोआप ब्रेक शोधतोय. बोलत काही नाही. मीही नाही, उगाच काही बोलायचे आणि ती उठायची. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, तेव्हा हळूच म्हणाली, "केवढा मोठा दिसतो गं रस्ता इथून."

मला नीट दिसेना समोरचं. म्हणून हळू चालवत होते. हळू चालवत होते म्हणून बसथांब्यावरच्या आजोबांना वाटलं, मी थांबतेय. त्यांनी हात केला. काखेत एक्स-रेचं ते मोठं पाकीट. बाबा भरून द्यायचे तसलं. आई म्हणाली थांब. मी म्हटलं, आई, नको. ती म्हणाली थांब गं, दवाखान्यातच जायचं असेल त्यांना. आणि मी थांबेपर्यंत पट्टा सुटलेला! लावता येत नव्हता, सोडता बरोबर आला. काच खाली करून म्हणते, "या ना आजोबा, ही सीट रिकामीच आहे."

रिकामी? तिथे ती बसली होती!

आजोबा पुढे. आई मागे, खुर्ची आणि गादीच्या मधे शिरली, मांडीवर वॉकर, वॉकरच्या दांड्यांमधून चेहरा. कशी मावली देव जाणे. आयुष्यभराचा सराव. आजोबांनी सीट मागे सरकवली, म्हणजे आईवर. आणि मी सुरू झाले. दवाखाना येईपर्यंत बोलत होते. आत्तापर्यंत तुम्हाला जे सगळं सांगितलं ते, आजोबांना, शब्द न शब्द. ते 'हं, हं' करत होते.

दवाखान्याच्या फाटकापाशी उतरले. वाकले, मागच्या खिडकीशी गेले, आणि आईला म्हणाले, "बाई, उपकार झाले. तुमची ड्रायव्हर चालवते छान, फक्त बोलते फार."

आणि आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी खुदकन, वॉकर हलला तिच्या मांडीवर. म्हणाली, "सांभाळून घेते हो मी."

पुढचं दार उघडंच राहिलं होतं. मी जरा थांबले. ये, असं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, चल, आत घे गाडी, उशीर होतोय.

मी हात लांब करून दार ओढून घेतलं आणि गाडी आत घेतली. काय करणार... पॅसेंजरशी वाद घालायचा नसतो.