नुसते आकडे

परंड्याच्या टपालकचेरीत अयोध्या रांगेत उभी होती. लेकीच्या लग्नातल्या पोलक्याची मापं लिहिलेलं कार्ड तिला बार्शीच्या शिंप्याकडं धाडायचं होतं. तिच्या पुढं बाबामियाँ आणि बेगमबी या नवराबायकोची जुंपली होती.

“शेरवानीत दोन दुल्हे मावत्यात, आन् लांबीला गुडघ्याला पोचत न्हाय! पंधरा दिवसांवर निकाह आलाय. तवर दुसरी शिवून आली पायजे.”

“शिवली तुझ्या भावानं. मला काय बोलतीस?”

“त्यानं कार्डावर व्हतं तसं शिवलं. तुमी काय लिहिलं व्हतं?”

“चौतीस, चाळीस. आधी छाती, मग लांबी.”

“छाती, लांबी असं लिहिलं व्हतं?”

“शिंप्याला काय शिकवायचं? आकडे बघून कळतंय की.”

“त्यो आधी लांबी घेतो, मग छाती. सोलापुरात समद्यांची तशीच घेतो. म्हणून तर चिठ्ठीत लिहिलंय, दुल्ह्यानं लई अंग धरलं, मुबारक हो!”

“आपलं पोरगं काडीवानी. मामाला ठावं न्हाय व्हय?”

“मामानं चार सालांत पोरगं बघितलंय कुठं? त्याला निस्तं कार्ड दिसतंय!”

“बरं बाई, ह्या नव्या कार्डावर लिहितो, ऐक आता. छाती चौतीस. लांबी चाळीस. बाही तेवीस.”

“हां. आता त्यानं खालून वाचलं तरी चालतंय.”

दोघं खिडकीपासून सरकले. अयोध्याची पाळी आली. तिच्या कार्डावर नुसते पाच आकडे एकाखाली एक, मोठे सुबक मांडलेले होते. ती रांगेतून बाजूला होऊन बाबामियाँकडं गेली.

“भाऊ, तुमचं पेन जरा देता का?”