दुसऱ्या डब्याचा भाव

शेजारच्या इराकात लढाई पेटणार म्हटल्यावर नसरुद्दीनचाचांच्या दुकानात दुधाच्या पावडरीसाठी रांग लागली. झोपलेल्या गार्गीला खांद्यावर घेऊन उल्का उभी होती. घरचा डबा सकाळीच खरवडून झाला होता. फळीवर मोजकेच डबे उरले होते आणि पुढे फाटकसाहेब होते.

“चाचा, सगळे डबे द्या.”

“घ्या की. पहिला कालच्या भावात. दुसरा दुप्पट, तिसरा चौपट.”

“ही तर लूट झाली!”

“लूट कसली, साहेब? परवा इथंच उभं राहून तुम्हीच शिकवलंत, मागणी वाढली की भाव वाढतो. तुमची मागणी वाढली, तुमचाच भाव वाढला.”

“अहो, ते पुस्तकातलं!”

“बरं, बाळ केवढं आहे तुमचं?”

“बाळ कुठलं? चहाला हवी.”

“मग एक डबा पुष्कळ झाला. यल्ला, चला, पुढं कोण?”

फाटकसाहेब हसत, पुटपुटत एकच डबा घेऊन गेले.

“तुला किती देऊ, बेटी?”

चार तरी आण, असं नवऱ्यानं, श्यामनं बजावलं होतं. उल्कानं मागं वळून पाहिलं. आणखी दोघी कडेवर पोरं घेऊन उभ्या होत्या.

“एकच द्या, चाचा. कालच्या भावातला.”