सेंट क्रॉयच्या किनाऱ्यावर सोलेभात

माझा जन्म आर्वीचा, वर्धा जिल्हा, तिथे समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग, बस. वडील एसटी डेपोत मेकॅनिक, आम्ही तिघी बहिणी, मी मधली, अन् मधलीकडे कोणाचं लक्ष नसतं म्हणून मी लहानपणापासूनच घाईची, आपलं काम आपण आधी उरकायचं अन् मोकळं व्हायचं. पाणी पाहिलं ते विहिरीचं, नाही तर नदीचं, तेही उन्हाळ्यात गुडघ्याएवढं. तुम्हाला हसू येईल भाऊ, पण मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानाच्या खिडकीतून, लग्नानंतर चार महिन्यांनी अमेरिकेला येताना. मी ह्यांना म्हटलं, अहो, हे एवढं सगळं पाणीच आहे का, तर हे म्हणाले, हो, झोप आता.

मॉरिसव्हिलला चौदा वर्षं राहिलो. ह्यांचं आयटीचं काम, माझा डिपेंडंट व्हिसा, त्यावर नोकरीची परवानगी नाही. डिपेंडंट म्हणजे काय सांगू तुम्हाला, मी बी.कॉम. झालेली बाई, आर्वीला पतसंस्थेत दोन वर्षं नोकरी केलेली, अन् इथे फॉर्मवर ऑक्युपेशनच्या पुढे काय लिहायचं म्हणून पेन तसंच धरून बसायची. घर चकाचक, आमच्या लेकीचा, मुक्ताचा डबा, गणपतीत मंडळात दोनशे माणसाचा मसालेभात मीच करायची, सगळे म्हणायचे वहिनी तुमच्या हाताला काय चव आहे, अन् टाळ्या वाजवून घरी जायचे. मला टाळ्या नव्हत्या पाहिजे. मला काम पाहिजे होतं, माझं स्वतःचं, सकाळी उठून जिथे गेलं नाही तर कोणी तरी विचारेल की आज काहून आली नाही.

ग्रीन कार्ड आलं तेव्हा मी बेचाळीसची, अन् त्याच वर्षी ह्यांनी इथली नोकरी घेतली. मी म्हटलं, सेंट क्रॉय कुठे आलं, हे म्हणाले, कॅरिबियनमध्ये, पण अमेरिकाच आहे, डॉलर तोच, पोस्ट तेच. आता ह्याला नऊ वर्षं झाली. आले तेव्हा मला एकच गोष्ट घरची वाटली, गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. स्टिअरिंग मात्र अमेरिकेचं, तेही डावीकडेच, म्हणजे ड्रायव्हर गवताच्या बाजूला. ह्यांना सहा महिने ते जमलं नाही, मला पहिल्या दिवशी जमलं.

तुम्ही बीच विचारून राहिले न, सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगते. तुम्ही तिकडून अ‍ॅशबर्नहून फिरायला येणारी माणसं यादी घेऊन येता, चार दिवसांत अकरा बीच, अन् घरी जाऊन तुम्हाला एकही आठवत नाही. उत्तरेचा केन बे पाहा, पण तिथे पाणी थोड्याच अंतरावर एकदम खोल जातं, पोहणाऱ्यांची जागा ती, आपल्यासारख्यांनी काठावर बसून दुसऱ्यांचं धाडस पाहावं. सँडी पॉइंट शनिवार-रविवारीच उघडा असतो, अन् कासवं अंडी घालतात त्या महिन्यांत तोही बंद. मला ते फार आवडतं, कासवांसाठी माणसांना गेटाबाहेर ठेवलं. पूर्वेच्या टोकाला जॅक बे, गाडी ठेवून अर्धा तास काट्याकुट्यातून चालायचं, सावली नाही, पाण्याच्या दोन बाटल्या माणशी, अन् खाली उतरलं की सगळा किनारा आपलाच. एक मात्र ऐका, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं असलेलं झाड दिसलं तर त्याच्या खाली पावसात उभे राहू नका, मँचिनील म्हणतात, त्याच्या चिकानं अंग भाजतं. काही झाडांना लाल पट्टा मारलेला असतो, काहींना नसतो, म्हणून म्हणते विचारून जा.

पण माझा बीच म्हणाल तर हाच, फ्रेडरिकस्टेडच्या धक्क्याच्या थोडा वर, पश्चिमेचा, ह्या भागाला वेस्ट एंडच म्हणतात. इथे पाणी शांत, पायाखालची वाळू दिसते, इथेच मी पंचेचाळिसाव्या वर्षी पंजाबी ड्रेसमध्ये छातीपर्यंत पाण्यात उभी राहायला शिकले. अन् इथेच ही मिस वर्नाची टपरी. इथे मोठ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात, आपण मागे ताई लावतो तसं.

पहिल्यांदा आले तेव्हा काय केलं माहीत आहे का, सरळ काउंटरवर गेले अन् म्हटलं, वन फिश प्लेट प्लीज. मिस वर्नानं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मागून आलेल्या चार जणांना वाढलं, मी तिथेच उभी, कानशिलं तापली माझी, मनात आलं की रंग पाहून केलं असेल, पण रंग तर आम्हा दोघींचा जवळजवळ एकच. शेवटी बाकावर बसलेले एक टॅक्सीवाले काका, मिस्टर अल्फर्ड, ते म्हणाले, बाई, गुड मॉर्निंग घरी विसरून आलीस का. इथे म्हणे दुकानात शिरलं, दवाखान्यात शिरलं, कुठेही शिरलं की आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं, मग काम. आता आपण आर्वीच्या चौकात भजी घ्यायला गेलो तर भजीवाल्याला नमस्कार करतो का, आपण म्हणतो, दोन प्लेट, लवकर. मला इतका राग आला की मी तीन आठवडे इकडे फिरकले नाही.

मग एका शनिवारी बाजारात गेले, डिसेंबर होता, अन् एका बाईच्या टोपलीत मला काय दिसलं, तुरीच्या शेंगा. ओल्या, हिरव्यागार, अन् शेजारी लाल अंबाडीची बोंडं. भाऊ, मी तिथे बाजारात उभ्या उभ्या रडले, खोटं नाही सांगत. आर्वीला थंडीत आम्ही सगळ्या बहिणी अंगणात उन्हात बसून तुरीचे सोले काढायचो, सोलेभात, सोले-वांगे, तो वास मी चौदा वर्षं घेतला नव्हता. टोपलीच्या मागे बसलेली ती बाई म्हणजे मिस वर्नाच, शेंगा सोलत होती, एक एक, बोटं दुखत असल्यासारखी. मी गुड मॉर्निंग म्हटलं, अन् तिच्याशेजारी बसकण मारली अन् सोलायलाच लागले, न विचारता. ती माझे हात पाहून राहिली. टोपली संपली तेव्हा म्हणाली, हे तुला कोणी शिकवलं. मी म्हटलं, माझ्या आईनं. ती म्हणाली, सोमवारी ये, माझा गुडघा अन् बोटं दोन्ही गेली आहेत.

अशी लागले मी कामाला. खाण्याच्या धंद्यात इथे सरकारी हेल्थ कार्ड लागतं, ते काढलं, त्यावर माझा फोटो, अन् मी तो फोटो आर्वीला माझ्या तिन्ही मावश्यांना पाठवला. मिस वर्नानं मला सगळं शिकवलं, खारवलेला मासा रात्रभर भिजत टाकून पाणी बदलायचं, पाटे करायचे, म्हणजे तळलेली मोठी करंजीच, आत मासा नाही तर खिमा, जॉनी केक म्हणजे मैद्याची फुगलेली जाड पुरी, अन् फुंजी, ती मक्याच्या पिठाची, भेंडी घालून घोटलेली, आपल्या कण्यांची चुलत बहीण समजा. चहा विचाराल तर बुश टी, त्यात गवती चहाच असतो. अंबाडीच्या बोंडांचं सरबत ही माणसं नाताळात करतात, पण तिच्या अंगणात पाला नुसता वाया जाऊन राहिला होता. मी तो घरी आणून डाळ अन् कण्या टाकून भाजी केली, वरून लसणाची फोडणी, अन् डब्यात घालून तिला दिली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, पाला अजून आहे. तेव्हापासून गुरुवारी आमच्या पाटीवर ग्रीन्स लिहिलेलं असतं, ती माझ्या आईची अंबाडीची भाजी.

आता मुख्य गोष्ट सांगते. मागच्या जानेवारीत मिस वर्ना गुडघ्याच्या ऑपरेशनला लेकीकडे फ्लोरिडाला गेली, आठ आठवडे. तिची लेक म्हणत होती, आई, बंद कर आता ती टपरी, माझ्याकडेच राहा. मिस वर्नानं जाताना किल्ली माझ्या हातात दिली अन् म्हणाली, शाली, मी आल्यावर इथे माणसं बसलेली दिसली तर टपरी राहील, नाही दिसली तर लेकीचं ऐकीन. बस, एवढंच बोलली. तुम्हाला सांगते, मला इतकी भीती व्हिसाच्या इंटरव्ह्यूलाही वाटली नव्हती.

अन् मी काय केलं, तर आपली अक्कल लावली. पहाटे उठून सगळं चिरून तयार, भात डब्यात भरून तयार, नंबरची कुपनं छापली, मेन्यूची मोठी पाटी लावली, बाक बाजूला सरकवून रांगेला जागा केली. ऑर्डर दिली की तीन मिनिटांत पार्सल हातात. मॉरिसव्हिलच्या कुठल्याही माणसानं मला पाच स्टार दिले असते. पहिल्या दिवशी माणसं आली, दुसऱ्या दिवशी कमी आली, अन् दुसऱ्या आठवड्यात मी अन् माशा. चव तीच होती, मी रोज स्वतः खाऊन पाहायची. मुक्ता कॉलेजातून फोनवर म्हणाली, आई, इट्स ओके, यू ट्राइड. मी फोन ठेवून दिला, ट्राइड म्हणे.

शेवटी मीच गेले टॅक्सी स्टँडवर, मिस्टर अल्फर्डकडे. गुड आफ्टरनून म्हटलं, अन् विचारलं, काका, माझ्या हातून काय चुकलं, सरळ सांगा. ते म्हणाले, तू आम्हाला फार लवकर हाकलतेस. मी म्हटलं, हाकलते, मी तर तुमचा वेळ वाचवते. ते म्हणाले, वेळ वाचवून मी कुठे नेऊ, मिस वर्नाकडे आम्ही चाळीस मिनिटं बसायचो, ती आमच्या देखत कांदा चिरायची, तेवढ्यात कोण आजारी आहे, कोणाची नात पास झाली, कोणाच्या बोटीचं इंजिन गेलं, सगळं कळायचं, जेवण तर घरीही मिळतं. अन् तीन मिनिटांत हातात आलं म्हणजे ते आज शिजवलंय कशावरून.

भाऊ, मला स्वतःची इतकी लाज वाटली. मला वाटायचं मी हुशार. मी ह्यांना घेऊन टपरीवर आले, कुपनं कचऱ्यात टाकली, ती मोठी पाटी उतरवली, बाक परत जागेवर आणले. हे म्हणाले, आता काय करणार. मी म्हटलं, उशीर करणार.

दुसऱ्या दिवसापासून माणूस आल्याशिवाय मी विळी-सुरी हातात घेतली नाही. अन् तुरीचा हंगाम होता, तर बाकासमोर शेंगांची टोपली ठेवून दिली अन् एक रिकामं पातेलं. आधी मिस्टर अल्फर्ड एकटेच आले, बसले, बसल्या बसल्या हात टोपलीत गेलाच, सोलायला लागले. दुपारी त्यांनी आणखी दोघांना आणलं. मग शाळेतल्या दोन बाई यायला लागल्या, मग कोळी आले, त्यांनी तर पैज लावली कोणाचं पातेलं आधी भरतं. त्यांनीच सोललेल्या दाण्यांचा मी त्यांच्याच डोळ्यांदेखत भात टाकायची, आपल्या पद्धतीचा, आलं-लसूण, थोडं खोबरं, त्यांची मिरची, सोलेभात. अर्धा तास शिजायला लागायचा, अन् तेवढ्यात मला गावाचं सगळं कळायचं. एकदा मला ताप आला अन् मी टपरी उघडली नाही, तर दुपारी पाच माणसं घरी, शाली काहून आली नाही म्हणून. मी पांघरुणात तोंड घालून पडले होते, अन् हे दारातून ओरडून सांगून राहिले, बरी आहे, बरी आहे.

मिस वर्ना मार्चमध्ये आली, काठी टेकत, न कळवता. बाकावर जागा नव्हती. मिस्टर अल्फर्ड उठले, ती बसली, अन् मला वाटलं आता आत येईल, झाकणं उघडून पाहील, मीठ पाहील. नाही आली. बसून राहिली बराच वेळ, प्रत्येकाला काही काही विचारत. मी ताट दिलं, तिनं सगळं खाल्लं, माशाचे काटे बाजूला नीट लावून ठेवले, अन् लेकीला फोन लावला, अन् म्हणाली, नाही गं, माझं सामान तिकडे नको मागवू, मी इकडेच आहे. बस, मला एवढंच पाहिजे होतं. मी आत जाऊन पुढच्या भाताचं आधण ठेवलं.

आता आम्ही दोघी चालवतो. जड काम माझं, चव तिची, भांडण दोघींचं. ती आठवड्यातून तीन दिवस येते, बाकावर बसते अन् तिथूनच हुकूम सोडते. परवा क्रूझच्या बोटीतून उतरलेलं एक जोडपं आलं, चांगली माणसं होती, बाईनं मला प्रेमानं विचारलं, यू आर सो नाइस, व्हेअर आर यू फ्रॉम. मला हा प्रश्न अमेरिकेत तेवीस वर्षं विचारतात, अन् दर वेळी मी इंडिया, मग महाराष्ट्र, मग नियर नागपूर असं सांगत बसते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मिस वर्ना बाकावरून म्हणाली, ती वेस्ट एंडची आहे, आमची, तुम्ही कुठले. अन् हातातल्या शेंगा सोलत राहिली, मान वर न करता. मी त्या बाईकडे पाहून हसले, अन् कढईतले पाटे उलटवायला लागले.

जाऊ द्या. तुम्ही उद्या पोरांना घेऊन या, गुरुवार आहे, ग्रीन्स असतील. पोहून या म्हणजे भूक लागेल, अन् घाईत येऊ नका, घाई असेल तर धक्क्याजवळ बर्गर मिळतो. देव तुमच्या पोरांना सुखी ठेवो, त्यांना जिथे राहायचं आहे तिथे राहू देवो.