दिव्याखालचे शब्द

वच्छला : तो शब्द नको. काढ तिथून.

देवमन : माय, 'नाही' काढून कसं जमन? पाणी, भूक, कड बदला, दुखते, हे सारे मागायचे शब्द झाले. 'नाही' नसन त बा नुसते मागतच राहतीन.

वच्छला : मागू दे. मी देतोच हाव ना तीन सालापासून.

देवमन : अन तू देलं ते त्यायले नको असन त?

वच्छला : तोंड मिटून घेते. समजते मले.

देवमन : समजते, तरी तू चमचा कोंबतं. सकाळी पाह्यलं म्या.

वच्छला : नाही कोंबला त मरन. मंग अख्खं मेडशी गाव म्हणन, वच्छलानं नवऱ्याले उपाशी मारलं.

देवमन : हळू बोल. लकव्याच्या झटक्यानं बाची वाचा गेली, कान नाही गेले. सारं आयकून राह्यले ते खाटेवरून.

वच्छला : मालूम हाय. म्हणूनच इथं बसून बोलतो.

देवमन : बरं, इकडं पाह्य. या पेटीत कॉम्प्युटर हाय. लहानसा, आमी कॉलेजातल्या पोरायनं मुंबईले जोडला. वीज जाते म्हणून गावातल्या हरिसिंगच्या ट्रकची बॅटरी लावली. हे सोळा दिवे, एकेका दिव्याखाली एकेक शब्द. उजेड सरकत जाते. बाच्या उजव्या पायाचा अंगठा तेवढा हालते, त्याच्याखाली हे बटन. पाहिजे त्या शब्दावर उजेड आला का दाबाचं. मंग हा लाल दिवा पेटते. म्हणजे पेटी इचारते, हेच म्हणाचं हाय ना तुमाले? पुन्हा दाबलं त पक्कं. नाही दाबलं त पेटी समजते का आपलं चुकलं, अन पुढं सरकते.

वच्छला : पेटी इचारते?

देवमन : हो.

वच्छला : तुह्या बापापेक्षा बरी हाय.

देवमन : आमचे सर म्हणतात, मशीन मालक नको अन नोकरबी नको, सोबती पाहिजे. ज्याच्यासाठी बनवाची, त्याच्यापाशी बसून बनवाची.

वच्छला : मंग मले काहून इचारून राह्यला? त्याले इचार.

देवमन : बोलणं दोघायचं असते माय. बा बोलतीन ते तुह्याशीच. म्हणून तूबी सांग.

वच्छला : सांगलं ना, 'नाही' नको. अन त्या कोपऱ्यात माहं नाव लिवलं म्हणतं ना तू, तेबी पुसून टाक.

देवमन : नाव काहून?

वच्छला : लग्न झाल्यापासून त्यानं एक डाव घेतलं नाही. 'ये' म्हणे, नाही त शिवी देये. आता दिवा लावून हाक मारन काय?

देवमन : आता तरी मारू दे.

वच्छला : आता मले नाही पाहिजे.

देवमन : तू बाले 'तो' म्हणून राह्यली. पहिले 'ते' म्हणत होती.

वच्छला : पहिले त्याचा हात चाले.

देवमन : माय, आणीबाणीच्या सालापासून पडून हायेत ते. कूसबी बदलता येत नाही त्यायले. अशा माणसावर काय राग धराचा?

वच्छला : तू लहानपणापासून वाशीमच्या बोर्डिंगात. तुले काय दिसलं? माहे हे समोरचे दोन दात कसे गेले, सांग बरं.

देवमन : विहिरीवर घसरली होती तू.

वच्छला : तुले तसं सांगलं. हा म्हणे, तुह्या बहिणीची, बेबीची शाळा बंद कर, तिले शेतात निंदाले पाठव. म्या नाही म्हणलं. तेवढंच म्हणलं, पुढं कायबी नाही. त्यानं ज्वारी मोजाची लोखंडी पायली उचलली अन तोंडावर हाणली. बेबी दाराआड उभी होती. ते पाहून शाळेचं दप्तर तिनं सोताच चुलीत टाकलं.

देवमन : मले कोणी सांगलं नाही हे.

वच्छला : आज सांगलं.

देवमन : ...तरी मी तो शब्द काढणार नाही माय. तुह्यावर झालं ते झालंच. पण नाही म्हणता येत नसन, त हे मशीन म्हणजे गळ्यातलं दावं झालं. तसं मी कोणासाठीबी नाही बनवणार.

वच्छला : मंग ठेव. मलेच इचारलं, अन माहंच आयकलं नाही. तूबी त्याचाच पोरगा.

देवमन : असं नको बोलू. बालेच पहिला शब्द बोलू दे. हा कागद उलटा करतो, मागच्या अंगानं अक्षरं हायेत. बा, उजेड पहिले ओळीवर थांबन, मंग अक्षरावर. काना-मात्रा नाही बसले यात, नुसती अक्षरं हायेत. जे मनात असन ते बोला. घाई नाही.

(दिवे सरकू लागतात. मधूनमधून बटणाचा आवाज.)

देवमन : ग. लाल दिव्यावरबी दाबलं, ग पक्का. शाबास बा... ज. बरोबर, ज... र. अजून? थांबले. गजर. माय, बाले गजर पाहिजे. औषधाच्या वेळेले वाजावा म्हणत असतीन. आपल्या घरी गजराचं घड्याळ हाय काय?

वच्छला : घड्याळ नाही मागून राह्यला तो.

देवमन : मंग काय?

वच्छला : गोजरा.

देवमन : कोण गोजरा?

वच्छला : रिसोडची. बाजाराच्या दिवशी हा यष्टीनं जाये, दोन दिवसानं घरी परते. कित्येक साल चाललं. तुले बोर्डिंगात कायले ठेवलं वाटते? घरातलं हे पाहू नये म्हणून ठेवलं.

देवमन : तीन सालात पहिला शब्द बोलले, अन...

वच्छला : मी त्याचं खालचं काढतो, पाठीच्या जखमा धुतो, अन पहिला शब्द तिचा. चांगली हाय तुही पेटी. खरं बोलवते.

देवमन : बंद करतो मी.

वच्छला : राहू दे. त्यानं इचारलं हाय, त जवाब द्या लागन. आयकलं काय हो, उकंडराव? गोजरा मेली. गेल्या उन्हाळ्यात, काविळीनं.

देवमन : माय.

वच्छला : सालभर म्या तोंडातून काढलं नाही. त्याले इचारताच येत नव्हतं. आता इचारलं.

देवमन : बा, रडू नका. थांबा, शब्दाचा कागद लावून देतो... हं. दाबा.

वच्छला : काय म्हणते?

देवमन : नाही म्हणतात. लाल दिवा इचारते, ते पक्कं करतात. पुन्हा नाही. पुन्हा.

वच्छला : म्हणू दे. तिचा भाऊ आला होता निरोप घेऊन. एक डाव खाटेसगट आणून दाखवा म्हणे, जीव अडकला तिचा. म्या बैलगाडी नाही जुपू देली.

देवमन : भेटू नाही देलं तू?

वच्छला : नाही देलं.

देवमन : अन हे त्यायच्या तोंडावर सांगून राह्यली?

वच्छला : मुक्या माणसाले सांगाले मले बरं नाही वाटे. आता त्याले बोलता येते. मी मोकळी झाली.

देवमन : आजचं पुरे कर माय. तो अंगठा पाह्य, बटनावरून उठतच नाही.

वच्छला : अजून सांगाचं बाकीच हाय. ती किती दिवस तडफडली, शेवटी काय बोलली, कोणाचं नाव घेतलं. ती मेल्यावर भाऊ पुन्हा आला, सारं सांगून गेला मले.

देवमन : म्या हे यासाठी नव्हतं बनवलं.

वच्छला : ते तुले मालूम. जाय, टोपलीत भाकर झाकून ठेवली, ठेचा हाय. खाऊन घे.

देवमन : अन बा?

वच्छला : मी हाव ना त्याच्यापाशी. जाताना दार लोटून घेजो.