ट्रेनरचं वजन

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीच्या नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून नुकतंच आत नेलं होतं.

“ताई, ट्रेनर ठरला का गं?”

“ठरला एकदाचा. पहिला म्हणाला, पोट सपाट करून देतो. म्हटलं, बाबा रे, पोट राहू दे. मला नवरा उचलायचाय, पलंगावरून खुर्चीत. रोज शेजाऱ्यांना किती हाका मारायच्या?”

“मग या दुसऱ्यात काय पाहिलंस?”

“वजन विचारलं त्याचं. अगदी यांच्याएवढं निघालं.”

“ट्रेनरला वजन विचारलंस?”

“हो. तर तो तिथेच जमिनीवर आडवा झाला, अंग सैल सोडून. म्हणाला, उचला.”

“उचललंस?”

“कसली उचलतेय! अर्ध्यावरून निसटला. पण पडताना कण्हला अगदी यांच्यासारखा. तिथेच पसंत केला.”

“भावोजींना सांगितलंस?”

“सांगून चुकले. तेव्हापासून अर्धपोटीच जेवतात. तुझं ओझं कमी करतो, म्हणतात.”

“अगं बाई! मग?”

“मग काय, मी चिडून दुप्पट वाढते आणि संपेपर्यंत समोर बसते.”

“आणि ते खातात?”

“खातात बिचारे. आता ट्रेनरलाही वजन वाढवायला सांगावं लागणार.”