कोरडे ठेवा

सकाळचे सात वाजून पंचवीस मिनिटं, जूनची पंचवीस तारीख – तवापासनं हे सुरू झालं ताई, मला घड्याळासकट आठवतंय, कारन सात चाळीसला नागापूरच्या आमच्या कोपऱ्यावर शाळेची व्हॅन येती, आन मी हिच्या कानात मशीन घालत हुते – ही माझी सृष्टी, पाचवं संपलं तिला, जन्मापासनं ऐकू कमी येतं – आन हिनं ते मशीन कानातनं उपटलं आन फेकलं भिंतीवर. बसा न, सरकते मी. लई वेळ हाय अजून, डॉक्टर आत्ताच आलेत. तुमच्या बाळाचं मशीन नवीन दिसतंय? व्हय, त्या पिशवीवरनंच वळखलं मी. टीव्हीच्या रिमोटला घालतो तशी पातळ पिशवी आन वरनं रबर – ती काढा आधी. काढा म्हनते न! राग नका मानू. मीबी घातली हुती, म्हनून सांगते.

माझी सातवी झालीय, कागद दिसला की वाचतेच मी. पन ह्या मशीनचा कागद सगळा इंग्रजीत, मराठीत एकच ओळ, ठळक – कोरडे ठेवा. मग ठेवलं कोरडं! आपल्याकडं काय, नवीन वस्तू आली की तिला पिशवी – रिमोटला पिशवी, मोबाईलला पिशवी, खुर्चीचं प्लॅस्टिक तर दोन वर्षं निघत न्हाई. मी तर मापानं शिवली, नजर लागू नये म्हनून वर काळा मनी लावला. आन एक नळी दिली हुती दुकानवाल्यांनी, डॉक्टरांच्या गळ्यात असती तसली – रोज सकाळी तिला मशीन जोडायचं, आधी आईनं आपल्या कानानं ऐकायचं, मगच लेकराला घालायचं. चार दिवस केलं मी. मग वाटलं, वॉरंटी मशीनला हाय, नळीला न्हाई, खराब झाली तर? ठेवली कपाटात, साड्यांच्या खाली, पाकिटासकट. अजून नवीकोरी हाय. पाह्यजे तर देते तुमाला.

काय म्हनता, तिच्यासमोर नको बोलू? बोलू द्या की. तिला कुठं ऐकू येतंय.

तर भिंतीवर मारलं हिनं. मी दिली एक ठेवून. देनारच की – व्हॅन दारात, पोळी तव्यावर. परत घातलं, परत उपटलं. आन तोंडानं – नको. ताई, इतकं स्वच्छ! दोन वर्षं घोकून घेऊन पंचावन्न शब्द आले हुते तिला, मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवायचे, पन सगळे बोबडे, मलाच कळायचे. आन हे 'नको' असं की शेजारच्या खोलीतबी समजावं. मी खुश झाले! खरं सांगते, फोन लावला हिच्या बापाला कंपनीत, म्हनलं ऐका तुमची लेक काय बोलती, आन मुद्दाम मशीन नेलं तिच्या कानापाशी, तिनं म्हनावं म्हनून. म्हनली. तीनदा म्हनली. ते तिकडं हसायला लागले, साहेबालाबी ऐकवलं म्हनं. छप्पन्नावा शब्द लिहिला मी.

मग रोजचंच झालं. पोरगी हट्टी झाली, आजीच्या वळनावर गेली, असं मी म्हनायचे, आन आमच्या सासूबाई म्हनायच्या, रेडिओ बिघडला का गं तुझ्या पोरीचा, का पोरगीच बिघडली? मला तेच लागायचं. मशीन कानात न्हाई ऱ्हायलं तर बोलनार कशी, शाळेत ठेवतील का, उद्या हिला कोन – डोक्यात नुसतं चक्र. म्हनून शाळेच्या लाल रिबिनी असतात न, त्या घेतल्या. हात मागं घ्यायचे आन बांधायचे. जास्त न्हाई – सकाळी व्हॅन येईस्तोवर, मग सोडायचे – म्हंजे रविवारी दिवसभर, पन सैल, वळ काय फार न्हाई उठले. आधी रडायची. मग नुसती डोकं खांद्यावर घासायची, गाय घासती तशी. मग तेबी बंद झालं. मी म्हनलं, बघा, लागली सवय.

वॉरंटी संपली बारा जुलैला. आमी दुकानात गेलो पंधराला, तेबी सेल बदलायला! काउंटरवरच्या पोरीनं मशीन तिच्या नळीला जोडलं, कानाला लावलं आन झटकन काढलं. म्हनली, घ्या, तुम्हीच ऐका. मी लावलं. ताई – पत्र्यावर घमेलं ओढावं न, तसं, आन मधीच शिट्टी, डोळ्यात पानी आलं माझ्या. ती हसली. हसून म्हनली, "हे तुम्ही रोज हिच्या कानात घालत होता?" मग पिशवी काढली, बोटानं पिळली – थेंब पडला, घामाचा. कोरडं ठेवलं हुतं न मी! "तीन दिवस आधी आला असता तर नवीन दिलं असतं, आता दुरुस्तीही होत नाही याची." मी पाया पडले तिच्या. ती म्हनली, "ताई, मागे लाईन आहे." पंचवीस जून ते बारा जुलै, अठरा दिवस – मशीन वॉरंटीत, आन हिचे हात रिबिनीत. आन सांगत तर हुती की पोरगी. दुसरं काय सांगत हुती? छप्पन्नावा शब्द तोच. त्याच्यानंतर एक न्हाई.

आज कशाला आलो? हुतं तेवढं तरी ऐकू येनं उरलंय का, ते बघनारेत. कानाला हेडफोन लावायचाय, ही काही जवळ येऊ देत न्हाई. सिस्टर म्हनली, आईनं हात घट्ट धरायचे. आईनं. ताई, तुमी धराल का? दोनच मिनिटं. तुमाला न्हाई भ्यायची ती. मी नुसता केसाला हात लावला तरी ही आपले हात आपनहून मागं घेती – बघा, बघा, आत्ता घेतले. कुनी सांगितलं गं? काय बघतीस? तोंडाकडं बघू नको माझ्या!

आलं नाव. न्हाई, ऱ्हाऊ द्या, तुमी बसा, धरते मीच. मलाच धरायचेत. तुमी त्या पिशव्या टाका, आन तुमच्याकडं ज्या बायांची असली लेकरं हायेत, त्यांना आठवनीनं सांगा – रोज सकाळी आधी आपल्या कानाला लावा म्हनावं. म्हनावं, नगरला एक बाई भेटली हुती, तिच्या पोरीचं मशीन खराब निघालं. एवढंच सांगा. हातांचं नका सांगू.