चेंडू जरा वर धरा

...आणि वर मलाच म्हणते, "आजोबा, तुम्हाला चंद्रातलं काही कळत नाही!" मला! तीस वर्षं, तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी विज्ञानाच्या शिक्षकांना आकाश शिकवतोय, अकरा हजार शिक्षक माझ्या हाताखालून गेलेत, आणि ही सातवीतली नात पेपर माझ्या नाकासमोर नाचवत डोळे पुसतेय. प्रश्न काय, तर चंद्राच्या कला का दिसतात? तिनं लिहिलं, चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडात असतो, तो आपल्याला कधी जास्त दिसतो, कधी कमी. मीच शिकवलेलं ना! त्यावर लाल फुली, शून्य, आणि शेजारी बाईंच्या सुंदर अक्षरात, 'पृथ्वीची सावली पडते म्हणून.'

आता सावली पडते ती ग्रहणात हो, रोज कुठली पडायला? माझं डोकंच फिरलं. बायको म्हणाली, "दोन मार्कांसाठी शाळेत जाऊन तमाशा करू नका." म्हटलं, तमाशा कसला, फक्त विचारून येतो, या बाईंना हे शिकवलं तरी कोणी?

कोणी शिकवलं... ऐका. प्रयोगशाळेत पाऊल टाकलं, तर बाई खुर्चीतून उठल्याच. "सर, तुम्ही? मला ओळखलं नसेल तुम्ही. बारा वर्षांपूर्वी तुमचं प्रशिक्षण केलं होतं. चंद्राच्या कला अजून तुमच्याच पद्धतीनं शिकवते." कपाटातून प्रमाणपत्र काढून दाखवलं, खाली माझी सही, चांगली ठसठशीत. मी आपला भांडायला आलेला, आणि ही बाई मला बसायला स्टूल पुसून देतेय.

म्हटलं, दाखवा बघू. बाईंनी पडदे ओढले, टेबलावर खोकं, खोक्यावर दिवा, दिव्याकडे पाठ केली आणि हात लांब करून पांढरा चेंडू डोळ्यांसमोर धरला. त्यांच्या डोक्याची सावली बरोब्बर चेंडूवर. "माझं डोकं म्हणजे पृथ्वी, सर. ही अमावास्या." मग जराशा वळल्या, सावली सरकली, चेंडूच्या कडेला उजेडाची कोर दिसायला लागली. "ही बीज." इतकं पटण्यासारखं, की क्षणभर मलाही पटलं हो!

मी म्हटलं, "बाई, चेंडू डोक्याच्या जरा वर धरायचा." त्यांनी धरला. चेंडू लख्ख उजळला, सगळाच्या सगळा. त्यांच्या अमावास्येची पौर्णिमा झाली. बाईंनी चेंडू खाली घेतला, पुन्हा वर धरला, मग हळूच म्हणाल्या, "पण सर... हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

तीस वर्षं, तुम्हाला सांगतो... आधी आमचं प्रशिक्षण पाच दिवसांचं होतं, तेव्हा हे वाक्य मी दहादा सांगायचो. मग तीन दिवस झाले, मग एक, मग साहेब म्हणाले, "दीड तासात बसवा, त्यातच उद्घाटन आणि आभार." मग काय गाळणार? आभार तर गाळता येत नाहीत! चेंडू धरला की माझा हात आपोआप वर जातो, सवयीचा आहे तो, बोलायचं तेवढं राहून गेलं. कधीपासून? आठवत नाही, खरंच आठवत नाही.

बाईंचे डोळे भरून आले. "म्हणजे बारा वर्षं मी मुलांना..." म्हटलं, तुम्ही नाही, बाई, मी. नातीचे दोन मार्क त्यांनी तिथल्या तिथे दिले, उद्या वर्गाची माफी मागते म्हणाल्या. त्यांना वर्ग तरी आहे समोर. मी कुठल्या वर्गात जाऊ?

शेवटी प्रशिक्षण विभागात फोन लावला. म्हटलं, सगळ्या शिक्षकांना एक पत्र पाठवायचंय, एका ओळीचं. कारकून म्हणाला, "कुणाची तक्रार आलीय का, सर?" म्हटलं, माझीच आहे, माझ्याविरुद्ध. "तसा फॉर्म नाहीये." मग त्यानं अभिप्रायांची फाइल काढली, पानं उलटल्याचा आवाज येत होता मला, आणि कौतुकानं म्हणाला, "उगाच मनाला लावून घेऊ नका, सर. तीस वर्षांत चंद्राच्या कलांवर एकाही शिक्षकाची शंका नाही. सगळ्यांना समजलंय."